कुलूप, वही आणि पुडी

अमेरिकेतल्या मोठ्या रुग्णालयांत वॉर्डाच्या कोपऱ्यात एक कपाट असतं. त्याला किल्ली नसते. सिस्टर बोट टेकवते, पडद्यावर तिच्या वॉर्डातल्या रुग्णांची नावं येतात. एक नाव निवडलं की त्या रुग्णाला डॉक्टरांनी लिहिलेली आणि औषधनिर्मात्याने तपासलेली औषधं तेवढीच दिसतात. त्यातलं एक निवडलं की सगळ्या कप्प्यांतला एकच कप्पा उघडतो, बाकीचे बंद राहतात. औषध मॉर्फिनसारखं असेल तर कपाट आधी विचारतं, ‘आत किती आहेत ते मोजून सांगा.’ आकडा जुळला नाही, तर कोणत्या मिनिटाला, कोणाच्या हाताखाली तो चुकला याची नोंद तिथल्या तिथे होते.

बारामती-इंदापूरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर वॉर्ड म्हटलं की वेगळं चित्र येतं. लोखंडी कपाट, इन्चार्ज सिस्टरच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा, इंडेंटची वही, आणि चाकं कुरकुरणारी औषधांची ट्रॉली. ही दोन चित्रं दोन वेगळ्या जगांतली वाटतात, पण घराणं एकच आहे. यंत्राच्या कपाटाचे पूर्वज तीन: कुलूप, वही आणि पुडी. तिघेही आपल्या या दोन तालुक्यांत कधीचे राहून गेले आहेत. त्यांच्यातला सर्वात साधा, सर्वात दुर्लक्षित पूर्वज म्हणजे पुडी, आणि माझ्या मते रुग्णाचा जीव सर्वात जास्त तीच वाचवते.

पुडीपासूनच सुरुवात करू. गोळ्यांच्या चकचकीत पट्ट्या येण्याआधी तालुक्याच्या दवाखान्यात औषध तयार होत असे. डॉक्टर चिठ्ठीवर लिहायचे आणि पडद्याआडचा कंपाउंडर बाटलीत मिक्श्चर भरायचा. मग तो कागदाची एक अरुंद पट्टी घ्यायचा, तिची घडी घालून कात्रीने कडेला खाचा पाडायचा आणि ती पट्टी खळीने बाटलीवर उभी चिकटवायचा. एक खाच म्हणजे एक वेळचं औषध. अक्षरओळख नसलेली आजीसुद्धा बाटली उजेडात धरून सांगायची की दुपारचा डोस राहिलाय. कोरडं औषध असेल तर खलबत्त्यात घोटून, समान वाटे करून त्याच्या पुड्या बांधल्या जायच्या: सकाळची, दुपारची, रात्रीची. मोजमापाची जबाबदारी दवाखान्यात संपायची, घरी फक्त पुडी सोडायची. औषधशास्त्रात पुढे ज्याला एकमात्रा पद्धत म्हणू लागले, तिचा गाभा हाच: मात्रा ठरवण्याचं काम रुग्णाच्या उशाशी घाईत करायचं नाही, आधी, शांतपणे, दुसऱ्या ठिकाणी करून ठेवायचं.

१९४८ च्या फार्मसी कायद्याने औषध बनवणं आणि देणं हा नोंदणीकृत व्यवसाय झाला. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि ग्रामीण दवाखाने, प्राथमिक आरोग्य केंद्रं पुणे जिल्हा परिषदेकडे आली. पणदरे, होळ, सांगवी, लासुर्णे, पळसदेव, सणसर ही नावं आज आपण आरोग्य केंद्रांची म्हणून घेतो. त्या काळात कारखान्यात बनलेल्या गोळ्या आल्या, हजार-हजार गोळ्यांचे डबे आले आणि मिक्श्चरची बाटली मागे पडली. स्वच्छतेच्या आणि दर्जाच्या दृष्टीने हे चांगलंच झालं. पण खाचांची पट्टी गेली आणि तिच्यासोबत मात्रा वेगळी करून देण्याची सवयही गेली. डब्यातून मूठभर गोळ्या काढायच्या, कागदात गुंडाळायच्या आणि ‘दिवसातून तीनदा’ असं तोंडी सांगायचं. वॉर्डातही तेच झालं: औषध घाऊक येऊ लागलं आणि ते सुटं करण्याचा भार सिस्टरवर पडला.

कुलपाची कथा वेगळी. ते रुग्णासाठी आलंच नाही, सरकारसाठी आलं. १९३० मध्ये ब्रिटिश सरकारने डेंजरस ड्रग्ज ॲक्ट केला. अफू, मॉर्फिन, कोकेन यांच्या व्यापारावर नियंत्रण हा त्याचा हेतू. रुग्णालयांच्या वॉर्डात त्यातून एक छोटं कपाट आलं: कपाटात कप्पा, कप्प्याला वेगळं कुलूप, किल्ली इन्चार्ज सिस्टरकडे. तो कायदा १९८५ मध्ये रद्द झाला आणि त्या जागी अमली पदार्थांविषयीचा एनडीपीएस कायदा आला, तरी सिस्टर आजही त्याला ‘डीडीए’चं कपाट म्हणतात. या कपाटाची शिस्त पाहण्यासारखी असते. पाळी बदलताना, म्हणजे ओव्हर देताना, दोघी सिस्टर समोरासमोर उभ्या राहून अँप्यूल मोजतात. रजिस्टरमध्ये रुग्णाचं नाव, दिलेली मात्रा, उरलेली शिल्लक आणि दोन सह्या. अर्धं अँप्यूल वापरलं तर उरलेलं दुसरीच्या देखत टाकायचं आणि तसं लिहायचं. रिकामी काचसुद्धा फेकायची नाही. ती मोजून औषध विभागात परत द्यायची, तेव्हा नवी मिळणार. अमेरिकन यंत्र आज जे विचारतं, ‘मोजा, साक्षीदार बोलवा, उरलेलं कुठे गेलं ते सांगा’, ते सगळं आपल्या सिस्टर कागदावर कितीतरी वर्षं करत आल्या आहेत. यंत्राने ही शिस्त नवी आणली नाही, त्यातली नोंद फक्त त्या दोन कुलपांतून बाहेर काढून सगळ्या औषधांना लावली.

कुलूप फार जड झालं की काय होतं, हेही आपल्या देशाने पाहिलं. एनडीपीएस कायद्यात शिक्षा कडक होत्या आणि परवाने राज्याराज्यांत वेगळे होते. एकाच खरेदीसाठी कित्येक कागद लागायचे आणि चूक झाली तर तुरुंगाची भीती. रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. १९८५ ते १९९७ या काळात देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घटला. जगाला वैध अफू पुरवणाऱ्या देशात कर्करोगाचे रुग्ण तळमळत गेले, कारण कपाट रिकामं ठेवणं हा कुलूप सांभाळण्याचा सर्वात सोपा मार्ग ठरला. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि ‘अत्यावश्यक अमली औषधं’ अशी वेगळी सोय झाली. हा इतिहास मला फार महत्त्वाचा वाटतो. औषधाच्या कपाटाची परीक्षा दोन प्रश्नांनी होते: चुकीचं औषध बाहेर गेलं का, आणि हवं असलेलं औषध वेळेवर मिळालं का. कुलूप पहिल्याच प्रश्नाचं उत्तर देतं.

वहीचं तसं नाही. वही दोन्ही प्रश्नांकडे बघते, पण ती खरी असावी लागते. वॉर्डातली इंडेंट वही म्हणजे रोजचं मागणीपत्र. इन्चार्ज सिस्टर लिहिते: सलाइन इतक्या, अमुक इंजेक्शन तितकी. औषध भांडारातून जे मिळतं ते लाल शाईने दुसऱ्या रकान्यात येतं. मागितलं पन्नास, मिळालं वीस. हे दोन रकाने वर्षभराचे शेजारी ठेवले तर सरकारी आरोग्यव्यवस्थेचा खरा अहवाल त्यात सापडेल, इतकी ती वही बोलकी असते.

पण वहीत नाव बरोबर असूनही बाटलीत विष असू शकतं. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीन दिल्यामुळे १४ रुग्ण दगावले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक द्रव मिसळलेलं होतं. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली. खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या प्रत्येक पायरीवर कोणी ना कोणी सही केली होती आणि कोणी पाहिलं नव्हतं, हे त्यातून उघडं पडलं. कपाट, कुलूप, रजिस्टर सगळं जागेवर होतं. या प्रकरणाने वहीला एक नवा रकाना अपरिहार्य करून दिला: बॅच नंबर. हे औषध कुठल्या कारखान्यातल्या कुठल्या घाण्यातून आलं आणि तो घाणा आणखी कुठे कुठे गेला?

हा रकाना हाताने सांभाळणं अशक्य असतं. म्हणून पुढे ‘ई-औषधी’ आली. सी-डॅकने बनवलेली ही संगणक प्रणाली. राजस्थानात ती आधी गाजली, मग महाराष्ट्रानेही घेतली. जिल्ह्याच्या भांडारात किती साठा आहे, कोणत्या बॅचची मुदत कधी संपते, कोणत्या केंद्राने किती उचललं, हे तिच्यात दिसतं. पण तिचा मुख्य भर साठ्यावर आहे. गोळी भांडारातून वॉर्डात गेली इथपर्यंत संगणक. वॉर्डातून कोणत्या खाटेवर गेली, तिथे पुन्हा केसपेपर आणि निळं पेन.

इंदापूरच्या वाचकाला या तुटलेल्या दुव्याची कल्पना लगेच येईल. गावातल्या दूध संकलन केंद्रावर किटली ओतली की लिटर, फॅट, एसएनएफ आणि सभासद क्रमांक छापलेली चिठ्ठी हातात पडते. सकाळचं दूध कुणाचं आणि संध्याकाळचं कुणाचं, यात गफलत होत नाही, कारण मोजणं आणि नाव लावणं एकाच क्षणी होतं. वॉर्डात मात्र औषध मोजलं जातं भांडारात आणि नाव लागतं खाटेजवळ, आणि मधल्या अंतरात सगळा धोका साठलेला असतो.

ते अंतर किती मोठं आहे हे प्रथम मोजलं गेलं १९६२ मध्ये. अमेरिकेत बार्कर आणि मॅककॉनेल या दोन संशोधकांनी एक साधी गोष्ट केली: चुकांची रजिस्टरं वाचत न बसता सिस्टर औषध देत असताना शेजारी उभं राहून पाहिलं. नोंदलेल्या चुकांपेक्षा प्रत्यक्षातल्या चुका कितीतरी पट निघाल्या. त्या सिस्टर निष्काळजी नव्हत्या. एकीकडे दहा रुग्ण, दुसरीकडे सारख्या दिसणाऱ्या बाटल्यांनी भरलेलं कपाट, आणि मोजणं, भरणं, नाव लक्षात ठेवणं हे सगळं चालता चालता. त्यावर उपाय म्हणून आयोवा आणि आर्कान्सा इथल्या विद्यापीठ रुग्णालयांत एकमात्रा पद्धत उभी राहिली: औषधनिर्मात्याने प्रत्येक रुग्णाची प्रत्येक वेळची मात्रा वेगळ्या पुडीत, नाव घालून तयार करायची. कंपाउंडरची पुडीच ती, फक्त आता तिच्यावर छापील अक्षरं होती. वॉर्डातच यंत्र ठेवून औषध काढण्याचे प्रयोगही त्याच सुमारास झाले. ‘ब्रूअर’ हे त्यातलं एक नाव. पण रुग्णाला काय लिहिलंय हे यंत्राला स्वतःहून कळण्याची सोय तेव्हा नव्हती, त्यामुळे ते फार पसरलं नाही.

संगणक स्वस्त झाला आणि तिन्ही पूर्वज एका पेटीत आले. १९८७ मध्ये सॅन दिएगोत पिक्सिस कंपनी निघाली. १९९२ मध्ये रँडल लिप्स यांनी ऑम्निसेल सुरू केली. त्यांची नवजात मुलगी रुग्णालयात असताना, परिचारिकांचा किती वेळ सामान शोधण्यात जातो हे त्यांनी पाहिलं होतं. १९९९ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने अहवाल दिला की रुग्णालयांतल्या टाळता येण्याजोग्या चुकांमुळे तिथे दरवर्षी ४४ हजार ते ९८ हजार माणसं मरतात. मग ही कपाटं झपाट्याने पसरली. त्याच दशकात कॅन्ससमधल्या टोपेका इथल्या सू किनिक या परिचारिकेला आणखी एक दुवा सुचला. भाड्याची गाडी परत करताना कर्मचाऱ्याने हातातल्या यंत्राने गाडीचा बारकोड वाचलेला तिने पाहिला आणि तिच्या मनात आलं, गाडीचा वाचता येतो तर रुग्णाच्या मनगटावरच्या पट्टीचा आणि औषधाच्या पुडीचा का नाही? पुढे अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या सगळ्या रुग्णालयांत ती पद्धत लागू झाली. एवढी मोठी सुधारणा वॉर्डात उभ्या असलेल्या सिस्टरच्या डोक्यातून निघाली, हे मुद्दाम सांगावंसं वाटतं.

तरीही यंत्राच्या कपाटाने जीव घेतल्याचंही प्रकरण आहे. २०१७ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या नॅशव्हिल इथल्या व्हँडरबिल्ट रुग्णालयात एका वृद्ध रुग्णाला तपासणीआधी शांत करण्याचं इंजेक्शन द्यायचं होतं. ते यादीत दिसेना म्हणून परिचारिकेने तातडीचा मार्ग वापरला आणि नावाची पहिली दोन अक्षरं टाइप केली. यंत्राने त्याच अक्षरांनी सुरू होणारं दुसरं औषध पुढे केलं: श्वासाचे स्नायू बंद पाडणारं व्हेक्युरोनियम. रुग्ण दगावला. २०२२ मध्ये परिचारिका न्यायालयात दोषी ठरली आणि तिला तीन वर्षांची परिवीक्षा मिळाली. त्यानंतर शोधासाठी किमान पाच अक्षरं टाइप करायला लावावीत अशी शिफारस झाली. माझ्या दृष्टीने यातली सर्वात बोलकी गोष्ट अशी, की त्या दिवशी कुलूप चाललं, वहीही चालली. कोणी, केव्हा, काय काढलं, सगळं नोंदलेलं होतं. खाटेशी पुडीचा बारकोड आणि मनगटाची पट्टी जुळवून पाहण्याची पायरी मात्र तिथे झाली नाही.

आता पुन्हा आपल्याकडे. आपल्याकडे पुडी हरवली असं वर म्हटलं, पण एका आजाराने ती परत आणली. क्षयरोगाच्या सुधारित राष्ट्रीय कार्यक्रमात प्रत्येक रुग्णासाठी एक स्वतंत्र खोका येऊ लागला. त्यावर त्या रुग्णाचं नाव, आत त्याच्या संपूर्ण उपचाराची औषधं, प्रत्येक वेळचा डोस वेगळ्या पाकिटात. नव्या रुग्णाचा खोका लाल, पुन्हा उपचार घेणाऱ्याचा निळा. एकदा नाव घातलं की औषध संपलं म्हणून दुसऱ्याच्या खोक्यातलं काढायचं नाही. २००६ पर्यंत हा कार्यक्रम देशभर पोचला. नंतर रोजच्या गोळ्यांची पद्धत आली आणि तिच्याबरोबर ‘९९ डॉट्स’: गोळीच्या पट्टीला कागदी आवरण, गोळी दाबून काढली की आत छापलेला फोन नंबर दिसतो आणि त्यावर रुग्णाने फुकट मिस्ड कॉल द्यायचा. तो नंबर आधी कळूच शकत नाही, त्यामुळे कॉल आला म्हणजे गोळी निघाली. कुलूप नाही, पडदा नाही, बोटाचा ठसा नाही. कागदाचा एक तुकडा आणि प्रत्येकाच्या खिशातला फोन, एवढ्यावर पुडी आणि वही जोडली गेली. सॅन दिएगोच्या कोणत्याही कपाटाइतकीच ही भारतीय युक्ती मला अभिमानास्पद वाटते.

प्रश्न उरतो सर्वसाधारण वॉर्डाचा. बारामतीत सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आहे, महिला रुग्णालय आहे, आणि २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, ज्याला आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव आहे. इंदापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे. ऊसतोडीच्या हंगामात या भागात मजुरांची गर्दी होते, वॉर्ड भरतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, ते योग्यच झालं. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात एका दिवसात २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बाळं होती, आणि औषधटंचाईचा प्रश्न सगळ्या महाराष्ट्राच्या जिभेवर आला. औषध खरेदी २०१७ पासून हाफकिनकडे होती. २०२३ मध्ये राज्याने त्यासाठी स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण नेमलं.

यंत्राचं कपाट बारामतीत यायचं असेल तर त्याच्या वाटेत पैशाआधी एक अगदी लहान अडचण आहे. ती पाहायला वॉर्डातली कात्री हातात घ्या. दहा गोळ्यांच्या पट्टीतल्या दोन गोळ्या एका रुग्णाला द्यायच्या म्हणून सिस्टर पट्टी कापते. औषधाचं नाव एका टोकाला, बॅच आणि मुदत दुसऱ्या टोकाला, म्हणजे मधल्या तुकड्यावर चांदीखेरीज काहीच नाही. अशा बिननावी तुकड्यांची एक डबी ट्रॉलीत जमते. तिच्यात सर्दीची गोळी आणि रक्तदाबाची गोळी शेजारी पडलेली असते आणि सिस्टर रंगावरून ओळखते. १ ऑगस्ट २०२३ पासून देशातल्या ३०० प्रमुख ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला, पण तो पट्टीला किंवा खोक्याला एक. गोळीगणिक नाही. यंत्राच्या कप्प्यात ठेवायला आणि खाटेशी वाचून बघायला लागते ती अशी गोळी, जी एकटी असतानाही स्वतःचं नाव सांगेल.

पोटॅशियम क्लोराइडचं उदाहरण घ्या. १० मिलीचं हे अँप्यूल डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्यूलसारखं दिसू शकतं. पातळ न करता शिरेत गेलं तर हृदय थांबतं. १९९८ मध्ये अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने रुग्णसुरक्षेची पहिली सूचना काढली ती याच औषधाबद्दल: ते वॉर्डात उघडं ठेवूच नका. त्यासाठी संगणक लागत नाही, एक वेगळा लाल डबा आणि मोठ्या अक्षरांचं लेबल पुरतं. बारामतीच्या वैद्यकीय महाविद्यालयात उद्या जे डॉक्टर आणि परिचारिका तयार होतील, त्यांच्या पहिल्या वर्षाच्या वॉर्ड फेरीत तो डबा त्यांना दाखवला जावा.

बाकीचं काम निविदेतल्या एका ओळीचं आहे. राज्यभराची औषधं खरेदी करणारं प्राधिकरण हे महाराष्ट्रातलं मोठं गिऱ्हाईक आहे. त्याने अट घातली की प्रत्येक गोळीच्या मागे, प्रत्येक फुग्यावर औषधाचं नाव, मात्रा, बॅच, मुदत आणि कोड छापलेला हवा, तर कंपन्या छापतील. क्षयाच्या गोळ्यांसाठी वेगळं वेष्टन बनवून देणारे कारखाने याच देशातले आहेत. मग पट्टी कुठूनही कापली तरी तुकडा मुका होणार नाही, ई-औषधीची नोंद भांडारात न थांबता खाटेपर्यंत नेता येईल, आणि यंत्राचं कपाट दोन वर्षांनी येवो की दहा, त्याच्या कप्प्यात घालण्याजोगी गोळी बारामती आणि इंदापूरच्या वॉर्डात तोवर रोज वापरात असेल.